शेवटचा नळ काढायचा नाही

निर्मला मॅडमच्या घरी मी पोळ्या करायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या वरणातली हळद काढली.

"मंगला, आज हळद घालू नको."

मला वाटलं डॉक्टरने सांगितलं असेल. विचारायची माझी सवय नाही, म्हणून गुपचूप तसंच केलं. पांढरंफटक वरण त्यांनी वाटीत घेतलं, दोन घास खाल्ले, डोळे मिटून बसल्या. "फरक पडतो. उद्यापासून परत घाल." दुसऱ्या दिवशी हिंग काढला, तोही परत आला. मग गुळाचा खडा काढला. तो कायमचा गेला. हिवाळ्यात भरताची वांगी आली तेव्हा तर त्यांनी कहर केला. शेंगदाणे काढले, चाललं. खोबरं काढलं, चाललं. कांद्याची पात काढली आणि पहिल्या घासाला ताट पुढे सरकवलं.

"हे भाजेल वांगं शे, मंगला. भरीत नही."

रागावल्या की त्या आमच्या अहिराणीत यायच्या. एरवी कॉलेजातल्या मॅडम बोलतात तसं बोलायच्या. माहेर अमळनेरकडच्या खेड्यातलं, नोकरी धुळ्याच्या कॉलेजात, आणि राहायला मधल्या आमच्या या गावात. रोज सकाळी एसटीने धुळ्याला जायच्या, दुपारी परत यायच्या. खिडकीची जागा मिळाली नाही तर बसमध्ये उभ्याने कागदावर आकडे खोडत यायच्या. लिहिताना मी त्यांना कमी पाहिलं. खोडतानाच जास्त.

त्या काय शिकवतात ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा मी भाकरी थापत असताना त्यांनीच सांगितलं. खरं गाव मोडून बघता येत नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये त्याच्यासारखं खोटं गाव करायचं, त्यात पाणी सोडायचं, गाड्या सोडायच्या, नाहीतर दवाखान्याची रांग लावायची आणि काय होतं ते बघायचं. त्याला मॉडेल म्हणतात. मोठे लोक ते मॉडेल मोठं मोठं करत जातात. पार पाइपाचं एकेक वळण त्यात घालतात. मॅडमचं काम उलटं होतं. त्या एकेक वस्तू बाहेर काढायच्या आणि मॉडेल परत चालवायच्या. उत्तर हललं तर ती वस्तू परत आत. नाही हललं तर ती गेली.

"पण काढायचं कशाला?" हे मी विचारलं नाही, पण माझ्या तोंडावर दिसलं असेल.

"उरतं ते माणसाच्या डोक्यात मावतं म्हणून," त्या म्हणाल्या. "डोक्यात मावलं की साहेबाला प्रश्न विचारता येतो. मावलं नाही की नुसती मान हलवावी लागते."

मान हलवणं त्यांना जमायचं नाही. लग्न केलेलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी एकदा हळदीकुंकवाला सगळ्या बायांच्या देखत विचारलं, "निर्मलाताई, लग्नाचं कधी मनातच आलं नाही का हो?"

"आलं होतं ना. लग्न काढून बघितलं. उत्तर हललं नाही."

काकूंना कळलं नाही, पण बाया हसल्या म्हणून त्याही हसल्या. मी दाराआड उभी होते. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की या बाईजवळ आपण टिकणार.

माझं घर टेकडीवरच्या शेवटच्या गल्लीत आहे. आमच्या गावात नळाला रोज पाणी नसतं, वार ठरलेला असतो. खालच्या गल्लीत मोठी घरं, प्रत्येकाच्या गच्चीवर टाकी, आणि नळाला मोटर लावलेली. मोटरीने लाइनीतलं पाणी ओढून घ्यायचं आणि टाकी भरायची. हे कायद्यात बसत नाही, पण सगळे करतात. मग टेकडीवर नळाला तोंड लावलं तरी नुसती हवा फुसफुसते. आम्ही टँकरची वाट बघायचो. तो येण्याची वेळ नाही, म्हणून घरातलं एक माणूस दिवसभर अडकायचं. माझ्या घरातलं ते माणूस म्हणजे माझी पोरगी. तिची शाळा टँकरच्या रांगेत चालली होती.

त्या वर्षी पालिकेने पाण्याचे वार नव्याने लावायला पुण्याची एक कंपनी आणली. कंपनीने मोठं मॉडेल केलं आणि पालिकेच्या हॉलमध्ये ते भिंतीवर दाखवलं. मॅडम गेल्या, आणि टेकडीवरच्या चारचौघी बायांना घेऊन गेल्या. मी मागच्या खांबाजवळ उभी राहिले. भिंतीवर निळ्या, लाल रेषा होत्या, फार सुंदर दिसत होतं. कंपनीचे साहेब गोड बोलणारे होते. त्यांनी सांगितलं, आता गावाला आठवड्यातून एकदा नाही, दोनदा पाणी येईल. वेळ थोडी कमी, पण दोनदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बायांनीही वाजवल्या.

मॅडम उभ्या राहिल्या. "यात मोटरी कुठे आहेत?"

"मॅडम, मोटरी बेकायदेशीर आहेत. त्या मॉडेलमध्ये घेता येत नाहीत."

"बेकायदेशीर मोटर पाणी ओढत नाही का?"

हॉल हसला. खालच्या गल्लीतले कापसाचे व्यापारी बापू पुढच्या खुर्चीवर होते, तेवढे हसले नाहीत. साहेब म्हणाले, "तुम्हीही मॉडेल केलंय असं ऐकलं. तुमच्यात काय काय आहे?"

"जलकुंभ, मोठी लाइन, खालची घरं, त्यांच्या टाक्या, मोटरी, आणि टेकडीवरचा शेवटचा नळ."

"बस? एवढ्यात गाव बसतं?"

"तुमच्या एवढ्या मोठ्यात टेकडी कुठे बसली ते दाखवा."

साहेबांनी काठीने एक ठिपका दाखवला. सगळी टेकडी मिळून एक ठिपका. ते म्हणाले, "वरचे बारीक पाइप एकत्र केलेत. त्याने एकूण उत्तरात फरक पडत नाही."

"एकूण म्हणजे कोण? त्याच्या घरी नळ आहे का?" मॅडमचा आवाज चढला. "मीपण काढते, साहेब. तुमच्यापेक्षा जास्त काढते. पण आधी प्रश्न काय आहे ते बघून काढते. प्रश्न आहे, शेवटच्या नळाला पाणी येईल का? तो नळच काढला तर उत्तर कुणाला देणार? बाकी सगळं काढा. शेवटचा नळ काढायचा नाही."

पालिकेचे पाणीपुरवठा इंजिनियर देवरे साहेब मधे पडले. माणूस वाईट नव्हता, भांडणाला भ्यायचा. तो म्हणाला, मॅडम, मग तुमचं उत्तर काय?

मॅडमचं उत्तर ऐकून हॉलमधलं हसू गेलं. दोनदा नको, एकदाच सोडा, पण लांब सोडा. दोन छोटे वार केले तर दोन्ही वेळा खालच्या टाक्या भरेपर्यंतच वेळ संपेल आणि टेकडीला दोन्ही वेळा हवा मिळेल. एक लांब वार केला तर टाक्या एकदा भरतील, मोटरी आपोआप बंद होतील, मग पाण्याला वर जाण्याशिवाय रस्ता नाही.

बाहेर आल्यावर आमच्याच बायांनी त्यांना घेरलं. शेवटच्या नळासमोर राहणारी कौसाबाई तोंडाची फटकळ. "अक्का, तू आमनी शेस का त्यासनी? दोनदा येनारं पानी एकदाच करी ऱ्हायनी?"

"ते दोनदा तुना घर येस का?"

"नही येस."

"मंग एकदा तरी येऊ दे."

कौसाबाईला काही पटलं नव्हतं. मलाही पटलं नव्हतं. दोन हे एकापेक्षा जास्त असतात एवढं चौथीपर्यंत शिकवतात.

देवरे साहेबांनी एक वार मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे सोडून बघायचं कबूल केलं. व्हॉल्व्ह उघडायचं काम भिका आबांकडे. जुना माणूस, पालिकेत चाकरी करता करता म्हातारा झालेला, कुणाचंच ऐकायचा नाही. त्या दिवशी टेकडीवर सगळे हंडे घेऊन बसलो. वेळ झाली, वेळ टळली. नळाने आवाजसुद्धा केला नाही. भिका आबा खालून चढून आले, धापा टाकत म्हणाले, "मॅडम, तुमनं पानी कम्प्युटरमजारच ऱ्हायनं वाटस."

बाया हसल्या. रडायच्या ऐवजी हसल्या. कंपनीच्या साहेबांनी फोन करून मॅडमना म्हणे सांगितलं, छोट्या मॉडेलचं असंच होतं, वाईट वाटून घेऊ नका. मॅडमनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "वाईट वाटून घ्यायला वेळ कुणाला आहे?" पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दोन-तीन दिवस लॅपटॉपसमोर बसून होत्या. खोडायलाही काही उरलं नव्हतं. मग त्यांच्या गल्लीच्या पाण्याचा वार आला. नळ सुरू झाला तसा त्यांनी पदर खोचला, मोरीतला निळा ड्रम ओट्यापर्यंत ओढत आणला आणि आडवा केला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. सगळं पाणी भसाभसा रस्त्यावर गेलं. मी चुलीजवळून बघत होते. ड्रम तसाच तिरपा धरून त्या एकदम थांबल्या.

"मंगला, मी काय करी ऱ्हायनू?"

मी म्हटलं, "शिळं पाणी ओतताय."

"सकाळी हेच पाणी प्यायलो ना आपण?"

"हो. पण आता ताजं आलं ना."

त्या ओल्या ओट्यावर खाली बसल्या आणि हसायला लागल्या. एवढं हसल्या की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. रस्त्यावर बघावं तर प्रत्येक दारातून पाणी येत होतं. कुणी ड्रम उपडा करत होतं, कुणी माठ, कुणी टाकी धुऊन काढत होतं. आमच्याकडे हे असंच आहे. पाणी नाही म्हणून सगळे रडतात, आणि नळाला थेंब आला की कालचं पाणी शिळं होतं, ते ओतून टाकतात. टेकडीवर पाणी चढलं नाही त्या दिवशीही खालच्या घरांनी आधीचं साठवलेलं सगळं ओतलं होतं आणि रिकामी भांडी, टाक्या नव्याने भरल्या होत्या. मॅडमनी धरलं होतं की घरात उरलेलं पाणी घरातच राहतं, तेवढं कमी भरावं लागतं. सुरुवातीला त्यांच्या मॉडेलमध्ये शिळ्या पाण्याची एक ओळ होती म्हणे. ती त्यांनी स्वतः काढली होती. कंपनीच्या मॉडेलशी ताडून बघितलं तेव्हा उत्तर हललं नव्हतं.

"कंपनीच्या मॉडेलशी ताडलं," त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. "ते पुण्याचं. त्याला काय माहीत पाणी शिळं होतं ते. मला माहीत होतं. मी लहानपणापासून ओततेय. तरी मी खऱ्या गावाशी न ताडता दुसऱ्या खोट्या गावाशी ताडत बसले."

तशाच ओल्या पातळाने त्या पालिकेत गेल्या. मी भाजीची पिशवी घेऊन मागे. देवरे साहेबांच्या टेबलासमोर चार माणसं बसलेली असताना उभ्यानेच म्हणाल्या, "चूक माझी होती. जी वस्तू काढायला नको होती ती काढली. ती परत घातली आहे. वार अजून थोडा लांब करावा लागेल."

देवरे साहेब म्हणाले, "मग मॅडम, लोकांनाच सांगू की शिळं पाणी ओतू नका. बोर्ड लावू."

"माझं मॉडेल बरोबर यावं म्हणून गाव बदलणार? लावा बोर्ड, चांगलंच आहे. पण वार धरायचा तो ओतणाऱ्या गावाचा."

पुन्हा बघायचं ठरलं. पण या वेळी देवरे साहेबांनी स्पष्ट सांगितलं, आता पाणी चढलं नाही तर कंपनीचे दोन वार कायमचे लागतील, आणि टेकडी टँकरवर राहील. मुख्याधिकाऱ्यांचा तसा हुकूम होता. मॅडम बरं म्हणाल्या. मला मात्र घाम फुटला. माझी पोरगी तेव्हा सातवीत होती.

आदल्या दिवशी देवरे साहेब मॅडमच्या घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी खालच्या गल्लीत पथक पाठवतो. मोटरी उचलून आणतो. एक दिवसाचा प्रश्न आहे. पाणी धडधड वर जाईल, तुमचा शब्द राहील, टेकडीचंही काम होईल."

मी पोळी लाटता लाटता थांबले. मनात म्हटलं, हो म्हणा मॅडम. देवा, हिला हो म्हणायची बुद्धी दे.

"आणि पुढच्या वारी?"

"पुढच्या वारी... लोक परत लावतीलच. पण तोवर मंजुरी होऊन जाईल."

"म्हणजे मंजुरी कागदाला आणि हवा टेकडीला." मॅडम उठून उभ्या राहिल्या. "देवरे साहेब, परीक्षेपुरतं शहाणं झालेलं गाव मला नको. रोजचं गाव द्या. मोटरी चालू पाहिजेत. एकही उचलली तर मी उद्या येणार नाही, आणि का आले नाही ते सगळ्यांना सांगेन."

साहेब गेले. मी पोळी जाळली. मॅडमनी ती जळकी पोळीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर कौसाबाईच्या नळासमोर मॅडम उपड्या बादलीवर बसल्या. नळाला दाब मोजायचं घड्याळासारखं यंत्र लावलं होतं. देवरे साहेब होते, कंपनीचे साहेब रुमालाने मान पुसत होते. खाली भिका आबांनी व्हॉल्व्ह फिरवला आणि खालच्या गल्लीतल्या मोटरींचा घुंई आवाज सुरू झाला. टेकडीवरून सगळं दिसत होतं. दारादारातून शिळं पाणी वाहत होतं, रस्ता ओला झाला होता. कंपनीच्या हिशोबाने वार संपायची वेळ झाली. नळ कोरडा. यंत्राचा काटा जागचा हलला नाही.

"मॅडम, बस करायचं का?" कंपनीचे साहेब म्हणाले. आवाजात चांगुलपणा होता, म्हणून जास्त राग आला.

"त्यांच्या टाक्या भरू द्या," मॅडम म्हणाल्या.

कौसाबाई पुटपुटली, "बठ्ठा गावनं भरी जाई, मंग आमनं."

"हां. तेच तर सांगी ऱ्हायनू मी तुले."

आणि मग बापूच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. मोटर बंद झाली. शेजारची बंद झाली, तिच्या पुढची बंद झाली. घुंई आवाज विरळ होत गेला. कौसाबाईच्या नळाने एक उचकी दिली. हवा आली, परत हवा आली, मग गढूळ पाणी, मग नितळ.

"पानी उनं! पानी उनं व माय!" कौसाबाई ओरडली आणि गल्लीत हंड्यांचा एकच खणखणाट झाला. धार काही फार मोठी नव्हती. मॅडमनी यंत्रावर वाकून बघितलं, देवरे साहेबांना बघायला लावलं, कंपनीच्या साहेबांनाही. काटा मॅडमनी आधी सांगितलं होतं तिथेच होता, वर नाही, खाली नाही. त्या हसल्या नाहीत. "धार बारीक आहे. मोठी सांगितली नव्हती," एवढंच म्हणाल्या आणि बादली सुलटी करून कौसाबाईला भरायला दिली.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. मंजुरीच्या दिवशी देवरे साहेबांनी मॅडमनी लिहिलेला अहवाल पुढे ठेवला आणि म्हणाले, मॅडम, मोटरींची ओळ काढावी लागेल. अहवालावर बाहेरच्या माणसाचं नाव असताना गावात मोटरी आहेत असं लिहिलं तर पालिकेवर ठपका बसतो, कॉलेजकडेही विचारणा होईल. आमच्या माणसाच्या नावाने असेल तर ती आमचीच पाहणी ठरते.

"म्हणजे ओळ जाईल नाहीतर नाव जाईल."

"तसंच काहीसं."

मॅडमनी त्यांचंच पेन घेतलं. पहिल्या पानावर स्वतःचं नाव होतं त्यावर आडवी रेघ मारली. "तुमचं लिहा. ओळ राहील."

जिन्यावरून उतरताना माझ्याने राहवलं नाही. मी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "मॅडम, सगळं तुम्ही केलं. नाव त्यांचं?"

"उद्या नवा साहेब येईल, नवं सुंदर मॉडेल आणेल, त्यात मोटरी नसतील. तेव्हा त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच सहीने लिहिलेलं असेल की मोटरी आहेत. माझ्या सहीचा कागद त्यांनी पहिल्याच दिवशी फेकला असता." मग त्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "राग मलापण येतोय. चल."

आता गावात सगळे म्हणतात, देवरे साहेबांनी टेकडीवर पाणी चढवलं. म्हणू दे. मला माहीत आहे म्हणून मी हे लिहून ठेवते आहे.

निवृत्त झाल्यावर मॅडम जळगावला भावाजवळ राहायला गेल्या. सामान फारसं नव्हतंच. टेम्पोत त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या. मी खालच्या गल्लीच्या वळणापर्यंत सोबत चालत गेले. तो आमच्या पाण्याचा वार होता. बापूच्या दारात त्यांनी टेम्पो थांबवला. आत मोटर घुमत होती. बापू बाहेर आला, मॅडमना बघून जरा ओशाळला आणि मोटर बंद करायला वळला.

मॅडमनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "बंद कसाले करस, बापू? लाव ना भाऊ, आखो एक लाव! जितली लवकर तुनी टाकी भरी, तितलं लवकर पानी वर जाई!"

टेम्पो जळगावच्या रस्त्याला लागला. बापू दारातच उभा होता आणि मोटर चालू होती.